पीसीओडी आणि चान्स घेणं: आधी काय, नंतर काय, आणि गाडी नेमकी कुठे अडकते

"पीसीओडी आहे, वर्ष झालं चान्स घेतोय, काहीच होत नाहीये, काय करू?" असं कुणी विचारलं की मी आधी दोनच प्रश्न विचारते. मिस्टरांचा रिपोर्ट (वीर्याची तपासणी) केलाय का, आणि पाळीचा पहिला दिवस कसा मोजतेस. बहुतेक वेळा पहिल्याचं उत्तर "अजून नाही" असतं आणि दुसऱ्याचं उत्तर प्रत्येकीचं वेगळं. पीसीओडीत अंडाशयातलं अंडं दर महिन्याला पूर्ण वाढून फुटत नाही आणि पाळी लांबते. गोळ्या सगळ्यांना साधारण त्याच मिळतात, सोनोग्राफ्या पण त्याच, पण क्रम उलटसुलट होतो आणि त्यात महिने जातात, आणि प्रत्येक महिन्याला पाळी आली की बाथरूममध्ये जाऊन रडायचं ते वेगळंच. माझे स्वतःचे पाच महिने असेच गेलेत म्हणून हे एवढं सविस्तर लिहितेय. मी डॉक्टर नाही, गोळी कुठली आणि किती हे तुमच्या डॉक्टरांनीच ठरवायचं. पण डॉक्टरांसमोर पाच-सात मिनिटं मिळतात, तेव्हा हातात काय हवं, काय विचारायचं आणि घरी काय नीट करायचं, हे आपल्याच हातात असतं ना.

१. सगळ्यात आधी एक वही

अॅप नको असं नाही, पण पीसीओडीत अॅपवर भिस्त ठेवू नका. अॅप मागच्या पाळ्यांवरून अंदाज बांधतं आणि आपली पाळी कधी ३५ दिवसांनी तर कधी ६० दिवसांनी, मग ते दाखवतं ती "फर्टाइल विंडो" (दिवस राहू शकतात ते दिवस) निव्वळ अंदाज असते. साधी दोनशे पानी वही घ्या. एका पानावर मागच्या सहा-आठ पाळ्यांच्या तारखा आठवून लिहा, कुठली आपोआप आली आणि कुठली गोळ्या घेऊन आणली ते बाजूला लिहा (हे फार महत्त्वाचं आहे, गोळीने आणलेल्या पाळ्या धरून "माझी पाळी रेग्युलर आहे" असं डॉक्टरांना सांगितलं की सगळाच हिशेब चुकतो). दुसऱ्या पानावर आत्ता चालू असलेली प्रत्येक गोळी, क्रीम, पावडर, केसांची गोळी, जिमवाल्याने दिलेलं काहीही. मधल्या पानांवर पुढे दर महिन्याचा हिशेब येईल.

पहिला दिवस म्हणजे कुठला? पॅड लागतं इतकं अंगावरून जायला लागलं तो पहिला दिवस. नुसते तपकिरी डाग, पुसल्यावर थोडंसं दिसणं, हे मोजायचं नाही. संध्याकाळी उशिरा सुरू झालं तर काही डॉक्टर तो दिवस धरतात, काही दुसरा, तेव्हा आधीच विचारून ठेवा. एक दिवस मागेपुढे झाल्याने काही बिघडत नाही पण डाग लागले तिथपासून मोजलं तर कधीकधी तीन-चार दिवसांचा फरक पडतो आणि मग सोनोग्राफीला लवकर जाऊन "अजून काहीच तयार नाही" ऐकून परत यावं लागतं.

२. खरंच पीसीओडी आहे का, ते एकदा नीट

सोनोग्राफीत "पॉलिसिस्टिक" लिहिलं म्हणजे झालं असं नाही. तीनपैकी दोन गोष्टी लागतात: पाळी अनियमित असणं, पुरुषी हार्मोन जास्त असल्याची लक्षणं किंवा तसा रक्ताचा रिपोर्ट (हनुवटीवर जाड केस, पुरळ, माथ्यावरचे केस विरळ होणं), आणि सोनोग्राफीत तसे दिसणारे अंडाशय. २०२३ च्या आंतरराष्ट्रीय गाइडलाइनमध्ये मोठ्या बायकांसाठी सोनोग्राफीऐवजी एएमएच (अंडाशयात अंडी किती आहेत त्याचा अंदाज देणारी रक्ताची टेस्ट) जास्त असणं पण चालतं असं आलंय. पाळी वेळच्या वेळी, अंगावर केस नाहीत, फक्त सोनोग्राफीत दिसलं, तर तो पीसीओडी नाही आणि त्याची गोळी पण नको. आणि "सिस्ट" हा शब्द ऐकून घाबरू नका, त्या काढायच्या गाठी नसतात, अर्धवट वाढून थांबलेल्या अंड्यांच्या बारीक पिशव्या असतात.

आता तपासण्या. ह्या सगळ्या तपासण्या गोळ्या सुरू करायच्या आधी करायच्या, मध्येच नाही:

- थायरॉइड, म्हणजे टीएसएच. प्रेग्नन्सीची तयारी करताना बरेच डॉक्टर तो २.५ च्या आत ठेवायला बघतात.
- प्रोलॅक्टिन, म्हणजे दूध येण्याचं हार्मोन. शांत बसून, सकाळी. धावतपळत लॅबमध्ये जाऊन लगेच रक्त दिलं की थोडं वाढलेलं येऊ शकतं, तसं आलं तर गोळी चालू करायच्या आधी परत एकदा करून घ्या.
- साखर, पण नुसती उपाशीपोटी नाही. ७५ ग्रॅम ग्लुकोज पिऊन दोन तासांनी परत रक्त देतात ती टेस्ट. पीसीओडीत उपाशी साखर नॉर्मल आणि दोन तासांची वाढलेली असं खूपदा असतं.
- हिमोग्लोबिन, बी१२, रक्तगट, रुबेलाची (जर्मन गोवर) अँटिबॉडी. रुबेलाची नसेल तर लस घेऊन एक महिना थांबायचं, म्हणून हे आधी.
- सिकलसेल आणि थॅलेसेमिया ह्या रक्ताच्या आनुवंशिक आजारांची तपासणी, एचपीएलसी म्हणतात तिला. विदर्भ, गडचिरोली, नंदुरबार ह्या पट्ट्यातल्या असाल तर नक्कीच, कारण तिकडे सिकलसेल बऱ्याच घरांत असतो आणि नवरा-बायको दोघंही वाहक असतील तर ते दिवस राहण्याआधी कळलेलं बरं.

थांबा: केस गळतात म्हणून बायोटिनची गोळी चालू असेल तर थायरॉइडच्या टेस्टच्या दोन-तीन दिवस आधी बंद करा आणि लॅबला सांगा. काही मशीनवर बायोटिनमुळे टीएसएच खोटा येतो.

थांबा: साखरेच्या टेस्टच्या त्या दोन तासांत चहा नाही, बाहेर चक्कर नाही, एका जागी बसायचं.

एएमएच जास्त आला की काहीजणी खुश होतात, काही घाबरतात. पीसीओडीत तो जास्तच असतो. अंडी भरपूर आहेत, महिन्याला एक पूर्ण वाढून फुटत नाही, अडचण तिथे आहे.

३. मिस्टरांचा रिपोर्ट, ह्याच आठवड्यात

हे तिसऱ्या नंबरवर लिहिलंय पण खरं तर पहिल्या दोन्हीबरोबरच करायचं. पीसीओडी आपल्याला आहे हे एकदा कळलं की घरात सगळ्यांचं ठरून जातं की दोष तिकडेच आहे, नवरा सुटतो, सासूबाई पण "त्याला कशाला त्रास" म्हणतात. माझ्याकडे हेच झालं. पाच महिने गोळ्या, दर महिन्याला तीन-तीन सोनोग्राफ्या, ऑफिसमधून अर्धा दिवस सुट्टी काढून, प्रत्येक वेळी अंडं फुटलेलं, आणि कुणीच, अगदी डॉक्टरांनी पण, ह्यांच्या रिपोर्टचा विषय काढला नाही. सहाव्या महिन्यात दुसऱ्या डॉक्टरांनी फाइल चाळली, मागेपुढे पानं उलटली आणि विचारलं, "ह्यांचा कागद कुठेय?" रिपोर्ट केला तर शुक्राणूंचा काउंट ६ मिलियन, म्हणजे कमी. म्हणजे ते पाच महिने मी एकटीच धावत होते.

टेस्ट कशी करायची ते नीट वाचा, इथे फार चुका होतात:

- आधी किमान २ दिवस आणि जास्तीत जास्त ७ दिवस संबंध किंवा हस्तमैथुन नको. "जास्त दिवस थांबलं की जास्त चांगलं येईल" म्हणून पंधरा दिवस थांबतात, उलट हालचाल कमी दिसते.
- शक्यतो लॅबमध्येच सॅम्पल द्यायचं. घरून नेणार असाल तर लॅबच्याच डबीत, अंगाच्या उबेत, म्हणजे शर्टच्या आत धरून, एका तासाच्या आत पोचवायचं. एसी गाडीत डॅशबोर्डवर ठेवून नाही.
- साधा कंडोम, तेल, जेल, साबण काहीही नको. सॅम्पलचा काही भाग सांडला तर लाजू नका, लॅबला सांगा, विशेषतः पहिला भाग सांडला असेल तर.
- मागच्या दोन-तीन महिन्यांत जोराचा ताप येऊन गेला असेल तर ते लिहून द्या. शुक्राणू तयार व्हायला साधारण अडीच महिने लागतात, तेव्हाच्या तापाचा परिणाम आत्ताच्या रिपोर्टमध्ये दिसतो.

डब्ल्यूएचओच्या २०२१ च्या आकड्यांप्रमाणे खालची मर्यादा अशी: प्रमाण १.४ मिली, काउंट एका मिलीत १६ मिलियन, एकूण हालचाल ४२ टक्के, पुढे सरकणारे ३० टक्के, नॉर्मल आकाराचे ४ टक्के. ४ टक्के वाचून पुरुषांना धक्का बसतो, पण तेवढे असले तरी चालतं. एक रिपोर्ट खराब आला तर त्यावरून निकाल लावू नका, डॉक्टर सांगतील तेवढ्या दिवसांनी परत करतात. तंबाखू, सिगरेट, गुटखा मात्र त्याच दिवशी बंद. आणि जिममध्ये कुणी टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शनं देत असेल तर तेही बंद, त्याने काउंट अक्षरशः शून्यावर येऊ शकतो.

तपासा: मिस्टरांचा रिपोर्ट हातात नाही तोवर अंडं वाढवायच्या गोळ्या सुरू करायच्या नाहीत. डॉक्टर विसरले तर तुम्ही आठवण करा.

४. तयारीचे तीन महिने

फॉलिक अॅसिड आजपासून. रोज ४०० मायक्रोग्रॅम, आणि बाळाच्या पाठीचा कणा फार लवकर बनतो, बऱ्याचदा आपल्याला कळायच्याही आधी, त्यामुळे "रिपोर्ट पॉझिटिव्ह आला की सुरू करू" हे उशिराचं आहे. वजन खूप जास्त असेल, डायबेटिस असेल, फिटची गोळी चालू असेल किंवा आधीच्या बाळात तसा दोष असेल तर डॉक्टर ५ मिलिग्रॅमची देतात. दोन्ही गोळ्या सारख्याच दिसतात, पाकिटावर किती ते वाचा.

मग वहीचं दुसरं पान उघडा, आता ते लागणार. पीसीओडीत पुरळ आणि केसांसाठी स्किनच्या डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या आपण चालूच ठेवतो आणि गायनॅकला सांगायचं राहून जातं:

- पुरळासाठी आयसोट्रेटिनॉइन चालू असेल तर चान्स घ्यायचाच नाही. बंद केल्यावर कमीत कमी एक महिना जाऊ द्यायचा. ह्याने बाळात गंभीर दोष होतात.
- केसांसाठी स्पायरोनोलॅक्टोन, ती पण आधी बंद.
- वजनासाठी सेमाग्लुटाइड घेत असाल तर दिवस राहण्याच्या निदान दोन महिने आधी बंद करायचं असतं. वजन उतरल्यावर पाळी अचानक रेग्युलर होते आणि लक्षात यायच्या आत दिवस राहतात, म्हणून ते चालू असेपर्यंत कंडोम वापरा.
- बीपी, कोलेस्टेरॉल, डिप्रेशन, फिट ह्यांच्या गोळ्या स्वतःहून बंद करू नका. त्या त्या डॉक्टरांना सांगून बदलून घ्या.
- लेबल नसलेली पावडर, पुडी, काढा, "हमखास गुण" वाला, बंद. आत काय आहे हेच माहीत नसताना पोटात बाळ असताना ते घ्यायचं नाही.

मेटफॉर्मिन (मुळात डायबेटिसची गोळी) डॉक्टरांनी दिली असेल तर जेवणाबरोबर आणि हळूहळू वाढवत, नाहीतर जुलाब आणि मळमळ होऊन चार दिवसांत बायका ती सोडून देतात. बरीच वर्षं चालू असेल आणि तुम्ही शाकाहारी असाल तर बी१२ तपासत राहा, ती कमी करते.

वजन. हे लिहिताना मला जपून लिहावंसं वाटतं कारण प्रत्येक डॉक्टर आत शिरल्या शिरल्या "आधी वजन कमी करा" म्हणतात आणि आपण मान खाली घालून घरी येतो. सगळ्यांना वजन कमी करायची गरज नसते. बारीक बायकांनाही पीसीओडी असतो आणि त्यांनी उपाशी राहून आणखी कमी केलं तर पाळी जास्तच लांबते. भारतीयांसाठी बीएमआय २३ च्या वर म्हणजे जास्त, २५ च्या वर म्हणजे लठ्ठ धरतात. त्यात बसत असाल तर टार्गेट मोठं ठेवू नका, ५ ते १० टक्के खूप झालं. ७० किलो वजन असेल तर साडेतीन किलो. एवढ्यानेही काहीजणींचं अंडं आपोआप फुटायला लागतं.

आपल्या घरातलंच जेवायचं, फक्त ताटातलं प्रमाण बदलायचं. मी काय केलं ते सांगते. पोहे सोडले नाहीत, पण एक वाटी पोहे आणि त्यात वाटीभर मोड आलेले मूग किंवा मटार. दोन पोळ्यांवर भात असायचा तिथे एक भाकरी, मोठी वाटी उसळ, आणि कोशिंबीर आधी खाऊन मग बाकीचं. संकष्टीला साबुदाणा खिचडीची भरलेली प्लेट बंद, त्याऐवजी भगर, दही आणि शेंगदाण्याची आमटी, ती पण बेतात. चार वाजताचा चहा ठेवला, त्याबरोबरची बिस्किटं गेली. रात्री जेवल्यावर पंधरा मिनिटं सोसायटीच्या आतच चालायचं, बाकी आठवड्याला अडीच तास घाम येईल असा व्यायाम. क्रॅश डाएट मात्र नको, एकदम खाणं तोडलं की शरीर अंडं तयार करणंच थांबवतं.

आणि वय ३५ च्या पुढे असेल तर वजनासाठी वर्षभर थांबू नका. तयारी आणि उपचार बरोबरीने चालू द्या.

५. पाळी आणणं

पाळी दोन-अडीच महिने आलीच नसेल तर डॉक्टर पाच ते दहा दिवसांच्या प्रोजेस्टेरॉनच्या (अंडं फुटल्यावर अंगात वाढणारं हार्मोन) गोळ्या देतात, संपल्यावर काही दिवसांत पाळी येते. इथली एकच चूक, पण फार मोठी: आधी युरीन टेस्ट न करता गोळी घेणं. पीसीओडीत "माझी तर नेहमीच लांबते" म्हणून टेस्ट करत नाहीत आणि तेव्हाच नेमके दिवस राहिलेले असतात. मेडिकलमधून स्वतः आणून तर मुळीच घेऊ नका. गोळ्या संपून दोन आठवडे झाले तरी पाळी नाही आली तर परत टेस्ट, आणि निगेटिव्ह आली तर डॉक्टर.

चान्स घेत नसतानाही तीन-तीन महिने पाळी नाही असं चालू देऊ नका, गर्भपिशवीचं अस्तर जाड होत राहतं आणि ते बरं नाही.

६. अंडं वाढवायची गोळी आणि फॉलिकल स्टडी (अंडं किती वाढलं ते बघायच्या सोनोग्राफ्या)

आजकाल पीसीओडीत पहिली गोळी लेट्रोझोल. गूगल केलं की "ब्रेस्ट कॅन्सरची गोळी" दिसतं आणि धस्स होतं, मला पण झालेलं. ती त्यासाठीही वापरतात, पण तिथे ती रोज महिनोन्‌महिने घेतात, इथे फक्त पाच दिवस असते आणि दिवस राहायच्या आत अंगातून निघून जाते. भारतात २०११ मध्ये वंध्यत्वासाठी तिच्यावर बंदी आली होती आणि २०१७ मध्ये उठली, त्यामुळे जुने लेख वाचून घाबरू नका. २०१४ च्या मोठ्या अमेरिकन अभ्यासात ७५० बायकांमध्ये लेट्रोझोलने २७.५ टक्क्यांना बाळ झालं आणि त्याच कामाच्या जुन्या क्लोमिफिन गोळीने १९.१ टक्क्यांना. क्लोमिफिनने काहीजणींचं अस्तर पातळ राहतं हे पण एक कारण.

एका महिन्याचा हिशेब माझ्या वहीतल्यासारखा मांडून दाखवते, तारखा फक्त उदाहरणाच्या:

- ३ मार्च संध्याकाळी डाग. ४ मार्च सकाळी पाळी. म्हणजे ४ मार्च पहिला दिवस.
- ६ ते १० मार्च, तिसऱ्या ते सातव्या दिवसापर्यंत गोळी, रोज एकाच वेळी.
- १५ मार्च, बारावा दिवस, सोनोग्राफी. उजवीकडे १४ मिमी.
- १७ मार्च, चौदावा दिवस, १८ मिमी, अस्तर ८ मिमी. रात्री ९ ला अंडं फुटायचं इंजेक्शन.
- साधारण ३६ तासांनी, १९ ला सकाळी, अंडं फुटायची वेळ.
- संबंध १७, १८, १९.
- २६ मार्च प्रोजेस्टेरॉनची रक्ताची टेस्ट, अंडं फुटलं का ते बघायला.
- २ एप्रिल प्रेग्नन्सी टेस्ट.

अंडं दिवसाला साधारण दीड-दोन मिमी वाढतं, म्हणून एकाच सोनोग्राफीवर निकाल लागत नाही. पीसीओडीत बऱ्याचजणींचं बाराव्या दिवशी काहीच मोठं नसतं आणि सोळाव्या-सतराव्याला तयार होतं. "काही वाढत नाहीये" म्हणून बाराव्या दिवशीच सोडून देणं ही चूक मी दोन-तीन मैत्रिणींची बघितलीये. पुढची तारीख विचारूनच केबिनमधून बाहेर या. सोनोग्राफी आतून करतात, लघवी करून जायचं, पोट भरून पाणी प्यायचं नाही.

थांबा: तीन-चार अंडी एकदम तयार झाली तर ती लॉटरी नाही. जुळी-तिळी राहण्याचा धोका असतो. डॉक्टर म्हणाले की ह्या महिन्यात संबंध नको, तर नको.

थांबा: मैत्रिणीची चिठ्ठी बघून किंवा मागच्या महिन्याचीच गोळी परत स्वतःहून घ्यायची नाही. पाळी आल्यावर, आणि ती खरंच पाळी आहे ह्याची खात्री करूनच. आलेलं रक्त नेहमीपेक्षा फारच कमी असेल तर युरीन टेस्ट आधी.

नळ्यांची (अंडं ज्यातून गर्भपिशवीत येतं त्या) तपासणी कधी? आधी टीबी झालेला, पोटात इन्फेक्शन, नळीत गर्भ राहिलेला, अपेंडिक्स फुटून ऑपरेशन, ह्यातलं काही असेल तर गोळ्यांच्या आधीच करून घ्या. आपल्याकडे गर्भाशयाचा आणि नळ्यांचा टीबी कमी नाही आणि तो बरेचदा गुपचूप असतो. नळ्या बंद असतील तर कितीही अंडी फुटली तरी उपयोग नाही. बाकीच्यांनी डॉक्टरांना विचारावं, पण दोन-तीन महिने गोळ्या होऊन गेल्या तरी विषय निघाला नसेल तर तुम्ही काढा. एचएसजी, म्हणजे ही नळ्यांची तपासणी, पाळी थांबल्यावर, साधारण सहाव्या ते दहाव्या दिवसात करतात, पाळीनंतर ती होईपर्यंत संबंध ठेवायचे नाहीत. दुखतं, पाळीच्या जोराच्या कळेसारखं, काही मिनिटं. तासभर आधी पेनकिलर घ्यायची का ते विचारा आणि कुणालातरी बरोबर न्या.

७. दिवस कुठले धरायचे

अंडं फुटल्यावर जेमतेम १२ ते २४ तास टिकतं, शुक्राणू आत पाच दिवसांपर्यंत राहू शकतात. म्हणजे फुटायच्या आधीचे दिवस महत्त्वाचे. "फुटलं असं सोनोग्राफीत दिसल्यावर संबंध ठेवू" म्हणजे गाडी गेल्यावर स्टेशनवर जाणं. सोनोग्राफी चालू नसेल तर पाळी संपल्यापासून एक दिवसाआड. तेवढं पुरतं, रोज टाइमटेबल लावलं की दोघांचंही मन उडतं आणि मग नेमक्या दिवशी भांडण होतं. नंतर पाय वर करून झोपायची गरज नाही. साधं जेल वापरू नका, त्यात शुक्राणूंची हालचाल मंदावते.

ओव्ह्युलेशनच्या पट्ट्यांबद्दल. त्या लघवीतलं एलएच (अंडं फुटायच्या आधी वाढणारं हार्मोन) ओळखतात. पीसीओडीत एलएच मुळातच जास्त असू शकतो, त्यामुळे ती पट्टी चार-चार दिवस गडद दिसते, पुढच्या आठवड्यात परत गडद, आणि अंडं फुटलेलंच नसतं. माझ्याकडे एका महिन्यात अकरा पट्ट्या ओळीने चिकटवलेलं पान आहे, सात पॉझिटिव्ह दिसतायत, आणि त्या महिन्यात प्रोजेस्टेरॉन १ च्या पण खाली होतं. त्या पट्ट्यांवर पैसे घालवू नका.

८. फुटलं का, आणि राहिलं का

प्रोजेस्टेरॉनची टेस्ट सगळे "एकविसाव्या दिवशी" लिहून देतात. ते २८ दिवसांच्या पाळीसाठी आहे. ही टेस्ट पुढची पाळी यायच्या साधारण ७ दिवस आधी, म्हणजे अंडं फुटल्यावर ७ दिवसांनी करायची. तुमची पाळी ४० दिवसांची असेल तर अंडं साधारण सव्विसाव्या दिवशी फुटतं, टेस्ट तेहतिसाव्याला. एकविसाव्याला केली तर रिपोर्ट शून्याच्या जवळ येणार आणि तुम्हाला वाटणार अंडं फुटतच नाही. ३ च्या वर आलं की अंडं फुटलंय.

प्रेग्नन्सी टेस्ट: फुटायचं इंजेक्शन घेतलं असेल तर त्यात तेच हार्मोन असतं जे पट्टी ओळखते. दहा-बारा दिवसांच्या आत टेस्ट केली तर इंजेक्शनमुळेच दोन रेघा दिसू शकतात. काय होतं, पॉझिटिव्ह दिसतं, आईला फोन होतो, आणि पाच दिवसांनी पाळी येते. तो फोन परत करावा लागणं फार जड जातं. इंजेक्शनपासून निदान दोन आठवडे थांबा, मग पहाटेच्या पहिल्या लघवीची.

९. पुढची पायरी कधी

इथे दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत होते. एक, पूर्ण डोस देऊनही अंडं वाढतच नाही. दोन, अंडं दर महिन्याला फुटतंय पण दिवस राहत नाहीत. पहिल्यात गोळी बदलायची किंवा इंजेक्शनं किंवा काहीजणींना दुर्बिणीतून अंडाशयाचं ड्रिलिंग. दुसऱ्यात गोळी वाढवून उपयोग नाही, दुसरं कारण शोधायचं: नळ्या, मिस्टर, एंडोमेट्रिओसिस (गर्भपिशवीच्या अस्तरासारखा थर पिशवीबाहेर वाढणं). साधारण सहा अंडं फुटलेले महिने ही मर्यादा धरतात. वहीत फुटलेले महिने वेगळ्या रंगाने गोल करा, मोजायला सोपं जातं.

आययूआय (धुतलेलं वीर्य नळीने गर्भपिशवीत सोडणं) पीसीओडीचा इलाज नाही. मिस्टरांचा रिपोर्ट चांगला असेल आणि संबंधांत अडचण नसेल तर त्याने फार फरक पडत नाही. काउंट कमी असेल तर विचार करतात, आमचं तसंच होतं.

आयव्हीएफवर (टेस्ट ट्यूब बेबी) आलात तर पीसीओडीत ओएचएसएसचा धोका जास्त असतो, म्हणजे इंजेक्शनांनी अंडाशय फार सुजतात. पोट भराभर फुगणं, एका दिवसात किलोभर वजन वाढणं, लघवी कमी होणं, दम लागणं, ह्यातलं काही झालं तर सकाळची वाट बघू नका, रात्रीच फोन करा. आधीच विचारा की हा धोका टाळायला काय करणार आहात, गर्भ फ्रीज करून नंतरच्या महिन्यात ठेवणार का. सेंटर २०२१ च्या एआरटी कायद्याखाली (आयव्हीएफ सेंटरांसाठीचा कायदा) रजिस्टर आहे का ते बघा. आणि "मुलगाच हवा" चं आमिष कुणी दाखवलं तर तिथून उठा, तो गुन्हा आहे.

पीसीओडी नसून एंडोमेट्रिओसिस असेल तर

पाळीत ऑफिसला जाता येणार नाही इतकं दुखणं, संबंधांच्या वेळी आत खोल दुखणं, पाळीत संडासला दुखणं, किंवा सोनोग्राफीत "चॉकलेट सिस्ट" (अंडाशयातली जुन्या रक्ताची गाठ). तेव्हा वरचा क्रम तसाच्या तसा लागू नाही. दोन गोष्टी लक्षात ठेवा. दुखणं कमी करायला देतात ती डायनोजेस्ट चालू असेपर्यंत सहसा अंडं फुटत नाही, चान्स घेताना ती गोळी घेऊन "दिवस का राहत नाहीत" असं होतं. आणि चॉकलेट सिस्टचं ऑपरेशन करायच्या आधी एएमएच करा, कारण सिस्टबरोबर चांगलं अंडाशयही थोडं जातं आणि दुसऱ्यांदा ऑपरेशन केलं की आणखी. इथे वेळ जास्त महत्त्वाचा, सहा-आठ महिने नुसत्या गोळ्यांत घालवू नका. काहीजणींना दोन्ही असतं, तेव्हा पीसीओडीच्या नावाखाली पाळीतलं दुखणं अंगावर काढू नका.

१०. दोन रेघा आल्यावर

फॉलिक अॅसिड चालूच. मेटफॉर्मिन चालू ठेवायची की बंद ते त्याच दिवशी विचारा, स्वतः ठरवू नका. सहा-सात आठवड्यांना सोनोग्राफी, गर्भ पिशवीतच आहे ना आणि ठोके दिसतायत ना ते बघायला. पाळी लांबणारी असेल तर शेवटच्या पाळीवरून मोजलेले आठवडे चुकतात, त्यामुळे पहिल्या सोनोग्राफीत गर्भ "लहान" दिसला की लगेच घाबरू नका, अंडं कधी फुटलं ती वहीतली तारीख डॉक्टरांना दाखवा. माझी एक मैत्रीण ह्याच कारणाने आठवडाभर झोपली नव्हती, तिचं अंडं एकविसाव्या दिवशी फुटलं होतं एवढंच. एका बाजूला जोरात दुखणं, खांद्यात कळ, चक्कर, किंवा रक्त जाणं असेल तर लगेच हॉस्पिटल.

पीसीओडी असेल तर साखरेची ७५ ग्रॅमवाली टेस्ट पहिल्याच भेटीत मागून घ्या आणि २४ ते २८ आठवड्यांच्या मध्ये परत, पहिली नॉर्मल आली असली तरी. आणि प्रत्येक भेटीत बीपी मोजल्याशिवाय उठू नका.